चौथी फेरी

आमच्या ह्यांची पँट कमरेत सैल करून घ्यायला मी दर दोन-तीन महिन्यांनी वरच्या मजल्यावर जाते. हे म्हणतात, धुऊन धुऊन कापड आटतं. कापड आटतं की पोट सुटतं, यावर मी तोंड उघडत नाही. पँट खांद्यावर टाकते आणि जिना चढते. वर ताई राहतात, एकट्याच. घरीच शिवणकाम करतात. पडदे, कोटाची अस्तरं, चेन बदलणं, उंची कमी करणं, असली अडलीनडली कामं. त्यांच्याविषयीच सांगायचंय. मध्येच 'मग पोलिसात का नाही गेलात' असं विचारू नका. पोलिसांना मी काय सांगायला हवं होतं, ते ऐकून झाल्यावर तुम्हीच सांगा.

आधी कबूल करते, मी भोचक आहे. शिक्षण बेताचं, पण कान तिखट. आमचं छत म्हणजे ताईंची जमीन, लाकडी फळ्यांची. त्यांचं मशीन पायाने चालवायचं, जुनं, लोखंडी पायट्याचं. त्या पायट्याची चाल ऐकून मला खालून कळायचं, आज वर काय शिवलं जातंय. आणि ते कळायचं त्यांच्या संगीतामुळे.

सेल्टिक संगीत म्हणतात त्याला. तिकडे आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूचं, समुद्रकाठच्या थंड गावांतलं. फिडल असतं, म्हणजे त्यांचं व्हायोलिनच, लाकडी बासरी असते, पत्र्याची शिट्टी, हातात धरायचा चपटा ढोल, आणि काखेत पिशवी दाबून वाजवायचे ते पाइप. ते पाइप मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा कुठेतरी मांजर अडकलंय असं समजून कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला घेऊन वर गेले होते. ताई पोट धरून हसल्या.

"अगं, वाद्य आहे ते. ये, बस. चावीवाल्यांनाही चहा टाकते. मांजर आलं तर त्याला दूध देऊ."

त्यांना हे वेड तरुणपणीच लागलेलं. कपड्यांच्या कारखान्यात चाळीस बायकांच्या रांगेत त्या कॉलर शिवायच्या. मुकादमबाईंच्या रेडिओवर एक दिवस अशी एक चाल लागली, आणि ताई सांगतात, "माझा पाय मला न विचारता तिच्यामागे गेला. त्या दिवशी मी बारा कॉलर जास्त काढल्या. मुकादमबाईंना वाटलं, मी काहीतरी प्यायलेय."

तेव्हापासून त्यांचा प्रत्येक टाका त्या तालावर. भिंतीवरच्या फळीवर दोनेकशे कॅसेटी, आणि त्यांच्यावर वाजवणाऱ्यांची नावं नाहीत, कामांची नावं. 'लांब शिलाई'. 'काजं-बटणं'. 'इस्त्री'. एकीवर लिहिलेलं, 'रडू आलं तर'. सरळ धावत सुटणारी चाल असते, रील म्हणतात, ती पडद्यांना. उड्या मारत जाणारी जिग, ती झालरीला. संथ चाली हातशिलाईला. पाइप इस्त्रीला, कारण त्यात एक सूर खाली अखंड धरलेला असतो आणि ताईंच्या मते वाफेचा आवाजही त्याच जातीचा. गिऱ्हाइकाने विचारलं, पडदे कधी मिळतील, की त्या मनातल्या मनात चाली मोजायच्या आणि सांगायच्या, साडेचारला या. साडेचारला पडदा तयार असायचा.

आणि मग त्यांचे कान जायला लागले.

आधी शिट्टी गेली. त्यांना वाटलं, कॅसेट झिजली. मग दुसरीतलीही शिट्टी गेली, मग तिसरीतली. मग फिडलचे वरचे सूर. मग दाराची घंटा. कानाच्या डॉक्टरांनी कागदावर उतरती रेघ काढून दाखवली आणि म्हणाले, आतली नस वाळत चाललीय, वर्षभरात थोडंच उरेल. कानात घालायचं यंत्र दिलं. ते ताईंनी चार दिवस वापरलं आणि सुयांच्या डबीत ठेवून दिलं.

"माणसांचं बोलणं कळतं त्यात," त्या म्हणाल्या, "पण फिडल लावलं की कुणी दाढेत ड्रिल घातल्यासारखं होतं. त्यापेक्षा बहिरी बरी."

बरी कसली. खालून मला कळत होतं. पायट्याची चाल बिघडली होती. चार पावलं चालायची, अडखळायची, थांबायची. पडदे दोन-दोन दिवस उशिरा जायला लागले. एकदा दार लोटून आत गेले तर ताई स्पीकरवर तळहात ठेवून, डोळे मिटून उभ्या. माझी चाहूल लागली नाही त्यांना. मी तशीच मागे फिरले. भोचक असले तरी काही गोष्टी बघायच्या नसतात, एवढं मला कळतं.

रात्री ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुला साऱ्या गावाचं ऐकायची हौस. एक कान दे त्यांना, दोन कशाला हवेत?"

तर एक दिवस मी ह्यांची पँट घेऊन वर गेले, तेव्हा ताईंनी दार उघडलं आणि माझा दंडच धरला. चेहरा नुसता उजळलेला.

"ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. "अगं, मला ऐकू येतंय."

सगळं नव्हे. माझं बोलणं त्यांना ओठांवरूनच कळत होतं. ऐकू येत होती ती एकच कॅसेट. भंगारवाल्याकडे बुटांच्या खोक्यात मिळालेली, नाव नाही, गाव नाही, करड्या रंगाची. आवाज अगदी बारीक ठेवला तरी त्यांना शिट्टीसकट सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. "शिट्टीच्या आधी तो माणूस श्वास घेतो ना, तोसुद्धा," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मी बसून ऐकली. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भरवलेली बैठक असावी. वाद्यांच्या मागे कपांचे आवाज, जमिनीवर ठेका धरणारे बूट, चुलीत काहीतरी तडतडतंय, एक म्हातारी बाई मधूनमधून त्यांच्या भाषेत बोलते आणि बाकीचे हसतात. छान होतं, खोटं कशाला बोलू. फक्त एक झालं. ऐकताना मला धुराचा वास आला, ओली माती जाळल्यासारखा. मी उठून ताईंची इस्त्री बघून आले. इस्त्री थंडगार होती.

त्यांच्या बैठकीत एक रीत असते. ताईंनीच मला समजावली होती. एक चाल तीनदा वाजवायची. पहिल्यांदा ओळख, दुसऱ्यांदा सगळे सामील, तिसऱ्यांदा निरोप, आणि लगेच पुढची चाल. चौथ्यांदा वाजवत नाहीत. का, तर तशी रीत. या कॅसेटमध्येही सगळ्या चाली तीन-तीनदाच होत्या. शेवटची चाल एकटं फिडल सुरू करायचं, मग ढोल यायचा, तीन फेऱ्या व्हायच्या, कप खाली ठेवल्याचे आवाज, आणि खरखर. संपली.

आठवड्याभराने ताई स्वतःच खाली आल्या. दार वाजवलं नाही, सरळ आत येऊन माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या. मी कपडे घड्या करत होते. दचकून उशीचा अभ्रा फेकला.

"तुमच्या सपाता कुठे गेल्या?" मी विचारलं, कारण ताई टाचा घासत चालतात, जिन्यापासून कळतं.

"पायातच आहेत की," त्या म्हणाल्या. पायातच होत्या. "ते सोड. तुझा नळ गळतोय."

मी नळाकडे बघितलं. ताईंची नळाकडे पाठ होती.

"काल ती शेवटची चाल चौथ्यांदा वाजली," त्या म्हणाल्या. "मी हातशिलाईत गुंग. तीन झाल्या, आणि थांबलेच नाहीत. चौथ्या फेरीत कुणीतरी दाराची कडी काढली... टेपमध्ये नाही गं. माझ्या मागे. मी वळून बघितलं, दार बंदच. आणि आज सकाळी डोळे उघडले ते चिमणीच्या आवाजाने."

त्यांना एवढा आनंद झाला होता की मला नीट भीतीही वाटता येईना. आम्ही दोघींनी मिळून घरातले आवाज शोधले. घड्याळ, नळ, ह्यांचं घोरणं. ताई खुर्चीवर बसून घोरणं ऐकत राहिल्या, जसं काही ते फिडलच आहे.

मग त्या परत गेल्या. मी दारात उभी राहून ऐकत होते. जिन्याच्या सतरा पायऱ्या, लाकडी, एकही अशी नाही जी करकरत नाही. ताई सतरा पायऱ्या चढून गेल्या आणि एकही वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन ती कॅसेट पुन्हा लावायला लावली. कपांच्या, बुटांच्या आवाजांत आता आणखी एक होता. कुणीतरी टाचा घासत खोलीभर फिरत होतं. ताईंनाही ऐकू आलं. ताई सुईत दोरा ओवायला लागल्या आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले. असल्या गोष्टी बोलल्या की खऱ्या होतात.

ते ऐकणं चार-पाच दिवस टिकलं आणि पुन्हा उतरायला लागलं. चिमणी गेली, नळ गेला. ताईंनी चौथी फेरी पुन्हा वाजू दिली. मला विचारलं नाही. मला कळलं ते असं, की बुधवारी दुपारभर छत गप्प होतं. म्हटलं, ताई बाहेर गेल्या असतील. संध्याकाळी वर गेले तर त्या मशीनवर. पाय चालू, चाक फिरतंय, सुई खालीवर, पडदा सरसर पुढे सरकतोय, आणि आवाज नाही. कापसात शिवल्यासारखं. मी मशीनवर हात ठेवला. हाताला ते थरथरत होतं. कानाला काहीच नव्हतं.

"बंद करा," मी म्हणाले.

त्यांनी पाय थांबवला. "हळू बोल. आता तू ओरडतेस असं वाटतं."

मी टेप लावली. मशीन तिथे होतं. सगळ्यांच्या मागे, ढोलाच्या बाजूला बसल्यासारखं, खटखट खटखट, अगदी तालात. म्हातारी काहीतरी म्हणाली. बाकीचे हसले. कौतुकाचं हसणं होतं ते, कुणी नवीन पाहुणा चांगलं वाजवतो तेव्हाचं.

"फेका ती कॅसेट," मी म्हणाले. "आत्ता. माझ्या देखत. सपाता गेल्या, मशीन गेलं, पुढे काय जाईल कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

ताईंनी पडद्याची कडा बोटांनी दाबली. "तू रोज किती बोलतेस," त्या म्हणाल्या. "नवऱ्याशी, भाजीवाल्याशी, माझ्याशी, खिडकीशी. रागावू नकोस, मला आवडतं. पण मी गेलं वर्षभर भिंत होऊन राहिले. लोक येतात, कपडे टाकतात, बोटांनी माप दाखवतात आणि जातात. फळीवरच्या दोनशे कॅसेटी नुसत्या विटा झाल्यात. एक उरलीय, ती मी फेकू?"

मग आम्ही असं ठरवलं. कॅसेट फेकायची नाही, पण चौथी फेरी वाजू द्यायची नाही. टेप आता तिसऱ्या फेरीनंतर आपण होऊन थांबत नव्हती, आणि ऐकता ऐकता ताई भान विसरतात, म्हणून मोजायचं काम माझं. रोज दुपारी चार वाजता मी वर जायचं, टेपजवळ खिडकीत बसायचं आणि तिसरी फेरी संपली की बटण दाबायचं. जे ऐकू येईल ते या एका कॅसेटपुरतं, बाकी बहिरेपण आलं तर येऊ दे, पण आणखी काही द्यायचं नाही. ताई हो म्हणाल्या. मला फेऱ्या ओळखता येईनात, तर त्यांनीच शिकवलं. एका फेरीत चालीचे दोन तुकडे असतात, प्रत्येक दोनदा. "झालरीसारखं बघ. वर, वर, खाली, खाली. झाली एक फेरी." आणि समोर तीन मोठी बटणं ठेवली, कोटाची. फेरी संपली की एक बटण डावीकडून उजवीकडे.

अकरा दिवस मी चुकले नाही. देवाशपथ सांगते. भाजी करपली तरी उठले नाही. ताई हातशिलाई करत ऐकायच्या, मी बटणं सरकवायची, तिसरं सरकलं की टक, बंद. बंद केल्यावर खोलीत जी शांतता पडायची ती मात्र मला आवडायची नाही. एखाद्याच्या तोंडावर दार लावावं आणि तो पलीकडे अजून उभा असावा, तशी.

बाराव्या दिवशी समोरच्या इमारतीत नवीन भाडेकरू आले.

दोन महिने ती जागा रिकामी होती. कोण येणार, किती जण, कुठले, याची मला काळजी लागून राहिली होती. खाली टेम्पो लागलेला. आधी पलंग चढला, मग आरसा, मग तीन खोकी. मग एक बाई खिडकीशी आली, माझ्याच वयाची, आणि तिच्यामागून एक माणूस, आणि दोघांचं कशावरून तरी जुंपलं. तो हातात दिव्याची छत्री घेऊन भांडत होता. मी बघत होते. इकडे शेवटची चाल सुरू झाली, फिडल, मग ढोल, माझं एक बोट बटणावर होतं. पहिली फेरी संपली, मी बटण सरकवलं. तिकडे बाईने ती छत्री त्याच्या हातातून घेतली आणि सरळ त्याच्या डोक्यावर घातली. मला हसू आलं. माणूससुद्धा हसला. मी मनात म्हटलं, चांगली माणसं दिसतात, ओळख करून घ्यावी.

फेरी संपली. मी दुसरं बटण सरकवलं.

ती दुसरी नव्हती. तिसरी होती. मधली एक त्या छत्रीखाली गेली.

मला ते कळलं ते वासाने. ओल्या मातीचा धूर, एकदम नाकात, घशात. मी वळले. ताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, सुई हवेत धरलेली. त्यांचे डोळे माझ्यावर आणि तोंड हलत होतं. भरभर हलत होतं. कधीपासून हलत होतं कोण जाणे. मला वाटलं, चालीबरोबर गुणगुणताहेत... मग ओठ कळले. माझं नाव होतं ते. त्या मला हाक मारत होत्या, पुन्हा पुन्हा, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत, तीन हातांवरून. आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं.

म्हणजे, येत होतं. टेपमधून. त्या स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज माझं नाव घेऊन ओरडत होता, आणि म्हातारी त्यांच्या भाषेत हळू हळू काहीतरी म्हणत होती, रडणाऱ्या मुलाला म्हणावं तसं.

मी बटण दाबलं. टेप थांबली. ताईंचं तोंड हलत राहिलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट घोळवते आहे. ताईंची खुर्ची टेपपासून तीन हातांवर होती. उठून एक पाऊल टाकलं असतं तर बटण त्यांच्या हाताशी होतं. त्या का उठल्या नाहीत? मी त्यांना विचारलं नाही. विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं तर माझा दोष कमी होईल, पण मग दुसरंच काहीतरी वाढेल. चूक माझीच. मोजायला मी बसले होते.

ताईंना आता सगळं ऐकू येतं. या वेळी ते उतरलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा रेघ काढली तर ती अगदी सरळ आली, तरुण मुलीसारखी. घशाच्या डॉक्टरांनी घशात दिवा घालून बघितलं, म्हणाले, काही दोष नाही, धक्का बसला असेल, येईल हळूहळू. ताई पाटीवर लिहून गिऱ्हाइकांशी बोलतात. फळीवरच्या कॅसेटी एकेक काढून ऐकतात. 'लांब शिलाई' लावली की पडदा वेळेवर तयार. पण एका जागी बसवत नाही त्यांना. चाल अर्धी झाली की उठतात, दाराशी जातात, कडी बघतात, परत येतात. सगळं आवाजाशिवाय. हे म्हणतात, "वरच्या आता सावलीसारख्या झाल्यात." मी ह्यांना गप्प केलं.

ती करडी कॅसेट आम्ही फेकली नाही. कशी फेकणार? ताईंचा आवाज तिच्यात आहे. फेकली आणि तोही गेला तर? बरं, मला त्यांच्या आवाजाची सवय. वीस वर्षं तो माझ्या छतातून गळत होता. सुरुवातीला आठवड्यातून एकदा मी वर जायचे आणि ताईंना विचारून थोडीशी लावायचे, अगदी सुरुवातीची चाल, शेवटच्या चालीच्या जवळपासही नाही. ताई त्यात रडत नव्हत्या. गप्पा मारत होत्या. आपल्या भाषेत. कारखान्याच्या गोष्टी, मुकादमबाईंचा रेडिओ. मधूनच हसायच्या, तेच हसू, पोट धरून. समोर ताई गप्प बसून स्वतःचं हसू ऐकायच्या. मी विचारलं, "तुम्ही बोलता का हे? मनात?" त्यांनी पाटीवर लिहिलं, 'मनात जे येतं ते तिथे ऐकू येतं. थांबवता येत नाही.'

म्हातारी त्यांना उत्तरं द्यायची, तिच्या भाषेत. मग एकदा तिने एक शब्द आपला वापरला. "सुई," असं म्हणाली. हेल वेगळा, पण सुईच. पुढच्या आठवड्यात "दार". मग "बस ना". ताईंचं ऐकून ऐकून शिकत होती. मला आधी बरं वाटलं, खरंच सांगते. म्हटलं, म्हातारी प्रेमळ दिसते, ताईंना तिथे सोबत आहे.

परवा गेले होते. ह्यांचा शर्ट होता, बाही उसवलेली. ताईंनी तो घेतला, मी टेप लावली. एक रील चालू होती, ताईंचं मशीन ढोलाबरोबर खटखटत होतं. मग रील तिसऱ्या फेरीनंतर थांबली. पुढची सुरू झाली नाही. कप नाही, बूट नाही. मशीनही थांबलं. त्या शांततेत म्हातारी बोलली, आणि या वेळी एकही शब्द तिच्या भाषेतला नव्हता. हेलसुद्धा उरला नव्हता. घरातल्याच कुणीतरी विचारावं, इतकं सरळ आणि मऊ.

"खाली कोण राहतं गं?"

मी ताईंकडे बघितलं. शर्ट जमिनीवर पडला होता. ताईंनी दोन्ही तळहात तोंडावर गच्च दाबून धरले होते, बोटं गालांत रुतलेली, डोळे घट्ट मिटलेले, आणि त्या जोरजोराने मान हलवत होत्या, जसं काही मनातला एक विचार बाहेर निसटू नये म्हणून सगळं अंग आवळून धरलंय.

टेपमध्ये सगळे वाट बघत होते. कुणीतरी खुर्ची जरा पुढे ओढली, नीट ऐकू यावं म्हणून.

मी बटण दाबलं, कॅसेट काढून डब्यात घातली, डब्यावर झाकण लावलं. "झालं ताई," मी म्हणाले, "बंद केली. काढा हात."

आज तिसरा दिवस आहे. मी सकाळ-संध्याकाळ वर जाऊन बघते. ताईंनी अजून हात काढलेले नाहीत.